विश्लेषण : रंगाचा ब्रश ‘नापाक’ कसा ठरतो?

मलेशियाच्या व्यापार खात्याने फेब्रुवारी २०१७ मध्ये दुकानांवर छापे घालून दोन हजारांहून अधिक रंगाचे ब्रश जप्त केले. ते डुकराच्या केसांचे असल्याचा संशय होता आणि तसे त्यांवर लिहिलेले नव्हते. डुक्कर वा कुत्रा यांच्या अवयवांपासून केलेल्या मालावर तशी नोंद हवी, असा आदेश तेथे २०१३ पासून लागू आहे. पण ब्रश कोणी खात नाही. मग आक्षेप कशाला?

अस्वच्छ आणि नापाक, फरक काय?

प्रश्न खाण्याचा नाही, नमाजाचा आहे. नमाजासाठी शरीर, कपडे आणि जागा पाक लागते. चिखलाने माखलेला सदरा मळका असतो, नापाक नव्हे. पाणी नसेल तर स्वच्छ मातीवर हात टेकून ‘तयम्मुम’ करता येते, म्हणजे माती उलट पाक करणारीच. याउलट इस्त्रीच्या सदऱ्यावर लघवीचे शिंतोडे उडाले, तर तो धुवावा लागतो. वेष्टनातला कोरा ब्रशही असाच, दिसायला स्वच्छ पण ‘नजिस’.

हात लावला तर?

ब्रश आणि हात दोन्ही कोरडे असतील, तर काहीच होत नाही. नापाकी ओलाव्यातून लागते. ओला हात लागल्यास मलेशियात प्रचलित शाफी पंथानुसार सात वेळा धुवायचे, त्यात एकदा माती मिसळलेल्या पाण्याने. तेथे यासाठी माती घातलेला साबणही विकला जातो.

सर्वांचे मत एकच आहे?

मुळीच नाही, आणि गंमत इथेच आहे. मालिकी पंथात कापून घेतलेला केस पाक, मग तो डुकराचा का असेना. हनफी पंथात तो नजिस, तरी चामडे शिवणाऱ्या चांभारांना जुन्या अभ्यासकांनी गरज म्हणून सूट दिली होती. दुसरी साधने आल्यावर नंतरच्या काहींनी ती नाकारली. कुत्र्याबाबतही असेच. हनफींच्या प्रचलित मतानुसार फक्त त्याची लाळ नापाक, शाफींच्या मते संपूर्ण कुत्राच. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफी, तर उर्वरित महाराष्ट्रातले बहुतेक हनफी. त्यामुळे कुत्र्याचे ओले अंग पायजम्याला घासले, तर रत्नागिरीत आणि छत्रपती संभाजीनगरात उत्तर वेगळे मिळू शकते.

ब्रश कशाचा हे माहीतच नसेल तर?

‘खात्री शंकेने जात नाही’ हा फिकहचा मान्य नियम. वस्तू मुळात पाक धरायची, नापाकीचा पुरावा मिळाला तरच धुवायची. शंकेने पुन्हा पुन्हा धुणाऱ्याला ‘वसवसा’ झाला म्हणतात, आणि उलेमा त्याला थांबायलाच सांगतात. ग्राहकाने चौकशी करत फिरावे, असे धर्मशास्त्र म्हणत नाही. म्हणूनच मलेशियाच्या आदेशाने सांगण्याची जबाबदारी विक्रेत्यावर टाकली आहे. केस डुकराचा असला तरी ब्रश विकायला बंदी नाही. नाव लपवायला आहे.