एका रात्रीचे महाराज

हिंगोली जिल्ह्यातल्या गावांना कीर्तनकार बहुधा पाहुणाच. अखंड हरिनाम सप्ताहात रोज वेगळे महाराज. एका रात्रीची सेवा झाली की पुढचं गाव. तारखा कितीतरी आधी दिलेल्या, पत्रिकेवर फोटोसकट छापलेल्या.

मंडपाचा दिवस पहाटे काकड्याने सुरू होतो. मग विष्णुसहस्रनाम, ज्ञानेश्वरी पारायण, गाथाभजन, सांजेला हरिपाठ. महाराजांची गाडी साधारण हरिपाठाच्या सुमारास येते. जेवण यजमानाच्या घरी, आणि खरी कसोटी तिथेच. ‘आणखी एक पोळी’ला नाही म्हणायचं कसं? भरल्या पोटी दोन तास उभं राहून गाता येत नाही. म्हणून अर्धी भाकरी, ताकाला हात जोडून नकार, वर कोमट पाणी. नऊच्या सुमारास धोतर, सदरा, उपरणं, फेटा. कपाळी गोपीचंदन आणि बुक्का. उभं राहण्याआधी विणेकऱ्याच्या पाया पडायचं, मग तो नातवाच्या वयाचा का असेना. ती वीणा सातही दिवस खाली टेकत नाही. पहारेकरी आळीपाळीने गळ्यात घेतात. महाराजांच्या मानधनाच्या पाकिटावरून पारावर कुजबुज होते, पण तीही पुढच्या वर्षीची तारीख घेऊनच.

पाहुणे कीर्तनकार इथे जुनेच. कयाधूकाठचं नर्सी हे संत नामदेवांचं (१२७०–१३५०) जन्मगाव मानलं जातं. ते कीर्तन करत थेट पंजाबातल्या घुमानपर्यंत गेले. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. २०१५चं ८८वं मराठी साहित्य संमेलन घुमानलाच भरलं. आता शीख यात्रेकरू नर्सीला येतात.