शिशूंच्या पाठीच्या कण्याचा बाक : उपचाराची कालमर्यादा आणि पालकांचा परस्पराधार
(वडगाव निंबाळकर परिसराच्या संदर्भात)

गोषवारा

तीन वर्षांखालील बालकांमध्ये आढळणाऱ्या पाठीच्या कण्याच्या बाकास शिशुवयातील स्कोलिओसिस असे म्हणतात. या विकारातील काही बाक आपोआप नाहीसे होतात, तर काही झपाट्याने वाढतात. वाढणारा बाक वेळीच ओळखून क्रमाक्रमाने प्लास्टरचे साचे घातले, तर बालकाची वाढच कणा सरळ करण्याचे काम करते. परंतु हा उपचार महिनोन्महिने घरात पेलावा लागतो. आई-वडिलांनी एकमेकांना दिलेला आणि समदुःखी पालकांकडून मिळालेला आधार हा म्हणूनच या उपचाराचा एक घटक ठरतो, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : शिशुवयातील स्कोलिओसिस, प्लास्टर साचा, परस्पराधार, ग्रामीण आरोग्य.

प्रस्तावना

बारामती तालुक्यातील वडगाव निंबाळकर हे नीरा-बारामती रस्त्यावरील गाव ऊसपट्ट्यात वसले आहे. कालव्याचे पाणी आणि सहकारी साखर कारखानदारी यांमुळे हा परिसर तुलनेने सधन मानला जातो. बारामती येथे २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. तथापि दुर्मीळ बालविकारांच्या बाबतीत सधन गावाची स्थितीही दुर्गम गावापेक्षा फारशी वेगळी नसते. असा विकार झालेले दुसरे मूल गावात, बहुधा पंचक्रोशीतही, नसते. त्यामुळे ज्वर, अतिसार किंवा कावीळ यांविषयी शेजारपाजारी जे अनुभवाचे ज्ञान सहज मिळते, ते येथे कोणाकडेच नसते. शिशूच्या कण्याचा बाक हा अशा विकारांपैकी एक होय.

विकाराचे स्वरूप

पाठीचा कणा मागून पाहिला असता सरळ रेषेत दिसावा लागतो. तो एका बाजूस झुकला आणि त्याबरोबर मणके स्वतःभोवती फिरले, म्हणजे स्कोलिओसिस होतो. क्ष-किरण चित्रावर मोजलेला हा कोन, ज्यास कॉब कोन म्हणतात, १० अंश वा त्याहून अधिक असल्यास निदान निश्चित केले जाते. तीन वर्षांखालील बालकांत या विकाराची कारणे अनेक असतात. काहींच्या मणक्यांची घडण गर्भावस्थेतच सदोष झालेली असते. काहींच्या बाबतीत स्नायू वा मज्जासंस्थेचा विकार मुळाशी असतो. तर काहींमध्ये कोणतेही कारण सापडत नाही. शेवटच्या प्रकारात मुलांचे प्रमाण मुलींपेक्षा अधिक असते, बाक बहुधा छातीच्या भागात डावीकडे असतो आणि डोक्याची एक बाजू चपटी असल्याचेही अनेकदा आढळते. बाक २० अंशांपेक्षा अधिक असल्यास, वरवर निरोगी दिसणाऱ्या सुमारे पाचापैकी एका शिशूत मेंदू वा मज्जारज्जूमधील दोष आढळतो. म्हणूनच अशा बालकांची एमआरआय तपासणी आवश्यक मानली जाते.

कारण न सापडणाऱ्या बाकांपैकी बहुसंख्य आपोआप सुटतात. नेमकी येथेच गफलत होण्याची शक्यता असते. ‘मोठे झाल्यावर सरळ होईल’ हे आश्वासन अनेकांच्या बाबतीत खरे ठरते. मात्र ज्यांच्या बाबतीत ते खोटे ठरते, त्यांचे मोलाचे महिने त्या आश्वासनात निघून जातात. हे दोन गट वेगळे ओळखण्याची कसोटी इंग्लंडमधील अस्थिशल्यचिकित्सक डॉ. मिन मेहता यांनी १९७२ मध्ये मांडली. बाकाच्या शिखरावरील मणक्याशी दोन्ही बाजूंच्या बरगड्या जे कोन करतात, त्यांतील फरक २० अंशांपेक्षा कमी असल्यास बाक सुटण्याची शक्यता अधिक असते. तो त्याहून अधिक असल्यास बाक वाढण्याची शक्यता बळावते. साध्या क्ष-किरण चित्रावर होणारे हे मोजमाप आजही वापरात आहे.

वाढ हेच औषध

जन्मापासून पाचव्या वर्षापर्यंत कण्याची वाढ अतिशय वेगाने होते. पुढे पाचव्या ते दहाव्या वर्षात हा वेग जवळपास निम्म्यावर येतो. वाकलेल्या कण्यास ही वाढ मोकळी सोडली, तर ती बाक वाढविते; तीच योग्य दिशेने वळविली, तर बाक कमी करते. शेतात वाकडे वाढू लागलेले रोप काठीच्या आधाराने सरळ करता येते, परंतु खोड जून झाल्यावर ते शक्य होत नाही, हा शेतकऱ्यांच्या नित्य अनुभवातील नियम येथेही लागू पडतो. फरक इतकाच की, येथे बाकाबरोबर मणके फिरलेलेही असल्याने केवळ बाजूने दाब देऊन भागत नाही.

उपचारासाठी बालकास भूल देऊन विशेष चौकटीवर ठेवले जाते. डोके व कंबर यांच्यामध्ये ताण देऊन, मणक्यांचा पीळ उलगडत धडाभोवती प्लास्टरचा साचा घातला जातो. पोटाला व श्वासाला जागा मिळावी म्हणून पुढील बाजूस खिडकी कापली जाते. दोन वर्षांखालील बालकाचा साचा साधारणपणे दर दोन महिन्यांनी बदलावा लागतो. वय वाढेल तसे हे अंतर वाढते. कण्यात पुरेशी सुधारणा झाल्यावर काढता-घालता येणारा पट्टा दिला जातो.

डॉ. मेहता यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वाढता बाक असलेल्या १३६ बालकांची नोंद आहे. त्यांपैकी ९४ बालके सरासरी १ वर्ष ७ महिने वयात उपचारास आली; त्यांचा सरासरी बाक ३२ अंश होता. सरासरी साडेतीन वर्षांच्या वयापर्यंत त्यांचा बाक सुटला. उर्वरित ४२ बालके सरासरी अडीच वर्षांची असताना आली; त्यांचा सरासरी बाक ५२ अंश होता. त्यांचा बाक कमी करता आला, परंतु उलटविता आला नाही, आणि त्यांपैकी १५ जणांवर पुढे मणके जोडण्याची शस्त्रक्रिया करावी लागली. दोन गटांच्या सरासरी वयातील अंतर जेमतेम अकरा महिन्यांचे आहे. लहान वयात मणके जोडल्यास छातीची व फुफ्फुसांची वाढ खुंटते, हे लक्षात घेतले म्हणजे या अकरा महिन्यांचे मोल कळून येते.

घरावर पडणारा भार

हा उपचार रुग्णालयात काही तासांचा, तर घरात चोवीस तासांचा असतो. आपल्याकडे तान्ह्या बाळाची दिनचर्या तेलाने मालिश, ऊन पाण्याची अंघोळ, धुरी आणि नंतरची गाढ झोप यांभोवती गुंफलेली असते. साचा घातल्यानंतर अंघोळ बंद होते. अंग ओल्या फडक्याने पुसावे लागते. साचा भिजू नये आणि लंगोटाची घाण आत जाऊ नये याची काळजी घ्यावी लागते. आत खाज सुटली तरी काडी किंवा चमचा घालता येत नाही, पावडर टाकता येत नाही. पोट भरताच साचा घट्ट वाटू लागत असल्याने थोडेथोडे, अनेकदा भरवावे लागते. चैत्र-वैशाखातील उकाड्यात ही सर्व पथ्ये अधिक कठीण होतात. बाळाला कडेवर घेण्याची पद्धतही नव्याने शिकावी लागते. वारंवार उलटी, धाप, ताप, साच्यातून येणारी दुर्गंधी यांपैकी काहीही आढळल्यास तातडीने रुग्णालय गाठावे लागते.

दर दोन महिन्यांनी साचा बदलायचा म्हणजे वर्षातून सहा वेळा भूल आणि सहा वेळा प्रवास. असे उपचार देणारे बाल-अस्थिरोगतज्ज्ञ प्रामुख्याने पुणे-मुंबईसारख्या शहरांत असल्याने वडगाव निंबाळकरसारख्या गावातील कुटुंबाचे किमान एक-दोन दिवस प्रत्येक खेपेस मोडतात. ऊसतोडणीचा हंगाम, दूध घालण्याच्या वेळा, रोजंदारी, घरातील दुसरे मूल या सर्वांची जुळणी तेवढ्या वेळा करावी लागते.

याहून अवघड असतो तो दोषारोपाचा भार. गरोदरपणी ग्रहण पाळले नाही म्हणून बाळात व्यंग आले, ही समजूत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात अद्यापि ऐकू येते, आणि तिचा रोख नेहमी आईकडे असतो. ग्रहणाचा या विकाराशी कोणताही संबंध नाही. तसेच बाळाला कडेवर घेण्याने वा झोळीत निजविण्यानेही मणक्यांची घडण बिघडत नाही. परंतु हे सत्य घरात कोणीतरी ठामपणे उच्चारावे लागते.

आई-वडिलांचा परस्पराधार

हे उच्चारण्याचे काम वडिलांनी केले, तर त्याचा परिणाम सर्वाधिक होतो. वडील तपासणीस उपस्थित असतील, तर डॉक्टरांचे म्हणणे सासरच्या मंडळींना समजावून सांगण्याची जबाबदारी एकट्या आईवर पडत नाही. बहुतेक घरांत काळजी घेणे आईकडे, तर पैसा व प्रवासाचा निर्णय वडिलांकडे अशी विभागणी असते. या उपचारात ती अपुरी पडते. आई आजारी पडली तरी साचा कोरडा राहिलाच पाहिजे. म्हणून अंग पुसणे, लंगोट बदलणे, त्वचा तपासणे ही कामे दोघांनाही येणे आवश्यक असते. भूल देण्याच्या वेळी बाळ आत गेल्यावरचा काळ, रात्रीचे रडणे, अपेक्षेपेक्षा कमी सुधारलेला कोन हे प्रसंग दोघांनी मिळून सोसले, तर एकाचा धीर सुटला असता दुसरा सावरून धरू शकतो. आजीचा सहभागही तितकाच महत्त्वाचा असतो. अंघोळ घालण्याचा तिचा मान साच्यामुळे जातो. तिला भरविण्याचे, खेळविण्याचे निश्चित काम दिल्यास तिचा विरोध सहकार्यात बदलू शकतो.

समदुःखी पालकांचा आधार

डॉक्टर साचा कसा घालायचा हे जाणतात. साच्यातील मुलाला उन्हाळ्याच्या दुपारी कसे निजवायचे, हे ते निभावलेली आईच सांगू शकते. अमेरिकेत एका बालिकेच्या आईच्या पुढाकाराने ‘इन्फन्टाइल स्कोलिओसिस आउटरीच प्रोग्रॅम’ ही संस्था उभी राहिली. डॉ. मेहता यांची पद्धत अमेरिकेतील शल्यचिकित्सकांपर्यंत पोहोचविण्यात आणि नव्या पालकांना अनुभवी पालकांशी जोडून देण्यात तिचा मोठा वाटा आहे. पालकांच्या संघटनेमुळे उपचारपद्धतीचा प्रसार होऊ शकतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनाधीनांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालविला जातो. डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने रुग्णांच्या कुटुंबीयांचे स्वमदत गट चालविले. विकार भिन्न असले, तरी दीर्घ उपचार, सामाजिक कलंक आणि घरातील स्त्रीवर पडणारा भार हे घटक समान आहेत. अमेरिकी अभ्यासक फ्रँक रीसमन यांनी १९६५ मध्ये मांडलेले तत्त्व येथे उपयुक्त ठरते. मदत घेणाऱ्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, लाभ मदत देणाऱ्यास होतो, असे त्यांचे म्हणणे होते. ‘माझ्यामुळे झाले’ या अपराधभावनेत असलेली आई दुसऱ्या आईला मार्ग दाखविते, तेव्हा तिच्या मनातील स्वतःचे स्थानही बदलते.

या आधारास मर्यादाही आहेत. प्रत्येक बालकाचा बाक, त्याचे कारण व वेग वेगळा असतो. ‘आमच्या मुलाचा आपोआप सुटला’ हा एका पालकाचा खरा अनुभव दुसऱ्याच्या मुलास घातक ठरू शकतो. अंशांची तुलना निराशा वाढविते. मालिश, शेक किंवा मणके बसविण्याचे दावे अशा गटांतूनच वेगाने पसरू शकतात. म्हणून निदान व उपचार तज्ज्ञांकडे आणि निभावण्याची रीत पालकांकडे, ही सीमारेषा गटाने प्रथमपासून पाळली पाहिजे.

स्थानिक पातळीवरील शक्यता

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. त्यातील ३० विकारांच्या मूळ यादीत वाकडे पाऊल, नितंबसांध्याचा दोष व मज्जानलिकेचा दोष आहेत. कण्याचा बाक स्वतंत्रपणे नमूद नाही. त्यामुळे तो ओळखण्याची संधी इतरत्र शोधावी लागते. आशा कार्यकर्ती नवजात बालकास पहिल्या ४२ दिवसांत ठरावीक भेटी देते. २०१८ पासून सुरू झालेल्या गृहाधारित बालसंगोपन कार्यक्रमानुसार ३, ६, ९, १२ व १५ व्या महिन्यांतही तिची भेट अपेक्षित असते. बाळास पालथे निजवून पाठ पाहणे, एका हाताने पोटाखाली उचलून कण्याची रेषा पाहणे यास फार वेळ लागत नाही. याशिवाय गावात बाळांना अंघोळ घालणाऱ्या अनुभवी स्त्रिया रोज प्रत्येक बाळाची उघडी पाठ पाहतात. एका बाजूची फुगीर बरगडी किंवा एकाच कुशीस वळणारे अंग त्यांच्या हाताला प्रथम जाणवते. ‘हे दिसले तर दाबू नका, दवाखान्यात पाठवा’ एवढी शिकवण त्यांना देणे शक्य आहे.

गावपातळीवर या विकाराचा स्वतंत्र गट होणे संख्येअभावी अशक्य आहे. परंतु वाकड्या पावलांसाठी प्लास्टर घेणारी बालके तुलनेने अधिक असतात आणि त्यांच्या पालकांचे प्रश्न पुष्कळसे सारखेच असतात. तालुका पातळीवर या सर्वांचा एकत्रित गट, आणि उपचार करणाऱ्या रुग्णालयाच्या साहाय्याने त्याच विकाराच्या एखाद्या दूरच्या कुटुंबाशी दूरध्वनीने संपर्क, अशी दुहेरी रचना व्यवहार्य ठरेल. खर्चाबाबत महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून काय मिळू शकते, याची चौकशी संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे प्रथमच करावी. महाविद्यालयांचे समाजशास्त्र, मानसशास्त्र व गृहविज्ञान विभाग तसेच राष्ट्रीय सेवा योजनेचे एकक मराठीतून माहितीपत्रक तयार करणे, आशा कार्यकर्तींसमवेत प्रात्यक्षिक घेणे आणि पालकांच्या अनुमतीने त्यांचे अनुभव नोंदविणे ही कामे करू शकतात.

निष्कर्ष

शिशुवयातील वाढत्या बाकावर वाढीच्या वेगाचा उपयोग करून घेणे हा सर्वांत प्रभावी उपाय आहे, आणि हा वेग परत मिळत नाही. निदानाचे ज्ञान रुग्णालयात असले, तरी पहिली नजर घरातील असते आणि दर दोन महिन्यांचा नेम घरच पाळते. हा नेम बहुधा उपचारावरील अविश्वासाने तुटत नाही. थकवा, एकटेपणा व दोषारोप यांनी तुटतो. या तिन्हींवर औषध नाही, परंतु माणसे आहेत. म्हणून पालकांच्या परस्पराधारास रुग्णालयांनी उपचाराच्या आराखड्यात आणि महाविद्यालयांनी आपल्या विस्तारकार्यात स्थान देणे आवश्यक आहे.