थुंकीत जंतू दिसेनात, म्हणजे रुग्ण वाचला का? शिवडीत आलेल्या टीबीच्या गोळीची गोष्ट

रे रोडवरून पनवेलच्या दिशेने जाणारी हार्बर लोकल पकडली, की आधी कॉटन ग्रीन आणि मग शिवडी. शिवडीचं टीबी हॉस्पिटल मुंबईकरांना माहीत असतंच. 2016 मध्ये बेडाक्विलिन ही नवी गोळी भारतात सरकारी कार्यक्रमातून द्यायला सुरुवात झाली, तेव्हा देशभरात फक्त 6 केंद्रं निवडली होती. शिवडी त्यातलं एक.

मुंबईला या गोळीची घाई होती. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 2012 च्या सुरुवातीला असे टीबी रुग्ण नोंदवले होते, ज्यांच्यावर तपासलेलं एकही औषध चालत नव्हतं. तरीही गोळी सरसकट मिळत नव्हती. संमतीपत्र, वारंवार ईसीजी, डॉक्टरांची देखरेख, असं सगळं बंधन होतं.

इतकी सावधगिरी कशासाठी? त्याचं उत्तर या औषधाच्या चाचणीत आहे.

चाचणीत मोजलं काय?

अमेरिकेच्या औषध नियामकाने, म्हणजे एफडीएने, बेडाक्विलिनला 28 डिसेंबर 2012 रोजी मंजुरी दिली. टीबीसाठी 40 हून अधिक वर्षांनी अगदी नव्या प्रकारचं औषध आलं होतं. पण ही मंजुरी 'वेगवान' पद्धतीची होती. तिचा मुख्य आधार होता थुंकीचं कल्चर.

कल्चर म्हणजे रुग्णाची थुंकी लॅबमध्ये ठेवून त्यात टीबीचे जंतू वाढतात का, हे बघणं. वाढले नाहीत तर कल्चर निगेटिव्ह. मुख्य चाचणीत नेहमीच्या औषधांसोबत एका गटाला बेडाक्विलिन आणि दुसऱ्याला प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी दिली. 24 आठवड्यांनी पहिल्या गटात 79 टक्के रुग्णांचं कल्चर निगेटिव्ह झालं होतं, दुसऱ्यात 58 टक्के. कल्चर निगेटिव्ह व्हायला लागणारा मध्यक काळही 125 दिवसांवरून 83 वर आला.

आकडे चांगले आहेत. पण रुग्णाला काय हवं असतं? जगायचं असतं, कामावर परतायचं असतं, घरच्यांना लागण होऊ द्यायची नसते. कल्चर ही त्याच्याऐवजी मोजलेली गोष्ट आहे. अशा मोजमापाला 'सरोगेट आउटकम' म्हणतात. मराठीत बदली निकष म्हणू. मधुमेहात साखर, हृदयरोगात कोलेस्टेरॉल, कॅन्सरमध्ये गाठीचा आकार, हे सगळे बदली निकषच.

ते वापरण्यात लबाडी नाही. खरा परिणाम कळायला वर्षं लागतात, हजारो रुग्ण लागतात, आणि औषधाविना माणसं तोवर मरत असतात.

मग अडचण कुठे आली?

त्याच चाचणीत बेडाक्विलिन घेणाऱ्या 79 पैकी 10 जण दगावले. प्लासिबो गटातल्या 81 पैकी फक्त 2. थुंकी साफ होतेय आणि मृत्यू मात्र जास्त! एक मृत्यू तर रस्ते अपघातातला होता, बरेचसे औषध थांबवून बराच काळ गेल्यावरचे. औषधाशी थेट धागा जुळला नाही, पण नाहीच असंही म्हणता येईना. एफडीएच्या सल्लागारांनी परिणामकारकतेवर 18-0 असं मत दिलं. सुरक्षिततेवर 11-7. औषधाच्या माहितीपत्रकात ठळक चौकटीत इशारा छापला गेला.

ही भीती उगाच नव्हती. हार्ट अ‍ॅटॅकनंतर हृदयाचे अनियमित ठोके थांबवले की रुग्ण वाचेल, असं डॉक्टर पूर्वी धरून चालत. ठोके थांबवणारी औषधं सर्रास दिली जात. अमेरिकेतल्या 'कास्ट' चाचणीने पहिल्यांदा मृत्यू मोजले. 1991 च्या अहवालानुसार औषध घेणाऱ्या 755 पैकी 63 जण दगावले आणि प्लासिबोवरच्या 743 पैकी 26. ठोके सुधारले होते, माणसं गेली होती.

बेडाक्विलिनचं सुदैवाने तसं झालं नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या सुमारे 19,600 रुग्णांच्या नोंदी 2018 मध्ये प्रसिद्ध झाल्या. बेडाक्विलिन घेणाऱ्यांत मृत्यूंचं प्रमाण 12.6 टक्के होतं, इतरांत 24.8. अर्थात या फक्त नोंदी होत्या, चिठ्ठ्या टाकून पाडलेले गट नव्हेत. तशी चाचणी 'स्ट्रीम'ने केली आणि 2022 मध्ये निकाल दिला: बेडाक्विलिनच्या तोंडी उपचाराने सुमारे 83 टक्के रुग्णांना अनुकूल परिणाम, जुन्या इंजेक्शनच्या उपचाराने 71. मृत्यू दोन्ही गटांत थोडेच आणि जवळपास सारखे. मात्र 'अनुकूल' ठरवतानाही त्यात कल्चर होतंच.

थुंकी जे सांगत नाही, ते वेगळंच. त्या जुन्या इंजेक्शनांनी कान जात. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांची श्रवणशक्ती अशाच इंजेक्शनने गेली. बेडाक्विलिनच्या पेटंटची मुदत वाढू नये म्हणून त्या पुढे लढल्या आणि 2023 मध्ये जिंकल्या. ऐकू येणं गेलं, हे कल्चरच्या रिपोर्टमध्ये कुठल्या रकान्यात लिहिणार?

बातमीत काय दडतं?

'नव्या औषधाने 79 टक्के रुग्ण बरे' असा मथळा सहज होतो. खरं तर थुंकी साफ झालेली असते. खुद्द शोधनिबंधांतही हा फरक अनेकदा नीट सांगितलेला नसतो. म्हणून 2024 मध्ये 'कन्सॉर्ट-सरोगेट' ही नियमावली 'बीएमजे'मध्ये आली. मुख्य निकष बदली आहे हे लिहा, तो का निवडला आणि खऱ्या परिणामाशी त्याचा संबंध किती भक्कम आहे तेही सांगा, अशी तिची मागणी आहे. नियमावली संशोधकांसाठी आहे, पण पत्रकारांनी वाचली तरी बिघडणार नाही.

बेडाक्विलिनला एफडीएची पूर्ण मंजुरी मिळाली तीही 2024 मध्येच. तोवर ही गोळी शिवडीत येऊन 8 वर्षं झाली होती.