बारा तारांचा हिशेब

बारा तारांची गिटार एक पुरते, की दोन हव्यात, की तीन? हौस आणि खिसा हे दोन्ही क्षणभर बाजूला ठेवले, तर या प्रश्नाचं उत्तर तारांच्या ताणात सापडतं.

योहान मॅथेसन या जर्मन संगीतकाराने १७१३ मध्ये ल्यूटवादकांची थट्टा केली होती. ल्यूटवादक ऐंशी वर्षं जगला, तर त्यातली साठ वर्षं त्याने वाद्य सुरात लावण्यात घालवलेली असतात, असं त्याचं म्हणणं. पुढे ल्यूट मागे पडलं आणि ही थट्टा वारसाहक्काने बारा तारांच्या गिटारीकडे आली. तरीही ही गिटार हातात आलेल्या माणसाला वर्षभरात दुसरीची स्वप्नं पडू लागतात. ‘गिटारी किती असाव्यात?’ या प्रश्नावर वादकमंडळींचं एक ठरलेलं उत्तर आहे: सध्या आहेत त्यापेक्षा एक जास्त. सहा तारांच्या बाबतीत हा विनोद खपून जातो, कारण न वाजवता ठेवलेली साधी गिटार फारशी कुरकुर करत नाही. बारा तारांची करते.

तिची रचना आधी पाहू. तारा सहा जोड्यांत असतात. ई, ए, डी आणि जी या चार जोड्यांत एक नेहमीची तार आणि तिच्यापेक्षा एक सप्तक वरची बारीक तार. बी आणि वरची ई या जोड्यांत दोन्ही तारा एकाच सुराच्या. जोडीतल्या दोन तारा कितीही जुळवल्या तरी त्यांच्यात केसभर फरक उरतोच, आणि त्या फरकातूनच या वाद्याचा तो झगमगता, थरथरता आवाज तयार होतो. जी जोडीतली बारीक तार तर अख्ख्या गिटारीत सर्वांत उंच सुराची असते, अगदी पहिल्या ई तारेपेक्षाही तीन फ्रेट वर. तिची जाडी इंचाच्या आठ-नऊ हजारांश भागाइतकी. सूर लावताना तुटते ती बहुतेक वेळा हीच.

ताणाचं गणित

साध्या गिटारीवर हलक्या तारांचा एकूण ताण सत्तर-पंच्याहत्तर किलोच्या घरात असतो. बारा तारा नेहमीच्या सुरात चढवल्या की तो शंभर किलोच्या आसपास किंवा त्याच्याही पुढे जातो. हे ओझं अहोरात्र मान आणि घोडी ओढत राहतं. वर्षानुवर्षं असं झालं की घोडीमागची फळी फुगते, मान पुढे झुकते, तारा फ्रेटपासून उंच होतात आणि बोटं दुखू लागतात. गिल्डसारख्या कंपनीने आपल्या बारा तारांच्या गिटारींच्या मानेत एकाऐवजी दोन ट्रस रॉड बसवले, ते याचसाठी.

सुटकेचा सोपा मार्ग म्हणजे सूर खाली लावणं. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे त्याच तारा दोन सेमीटोन खाली लावल्या, तर ताण सुमारे २० टक्के कमी होतो. तीन सेमीटोन खाली लावल्या, तर सुमारे २९ टक्के. म्हणून अनेक वादक आपली गिटार डीमध्ये लावतात आणि नेहमीचा सूर हवा असेल तेव्हा दुसऱ्या फ्रेटवर कॅपो चढवतात.

पण याहून खाली गेलं की हलक्या तारा सैल पडून खडखडतात. मग जाड तारा घ्याव्या लागतात, त्यांच्यासाठी नटमधल्या खाचा रुंद कराव्या लागतात, ट्रस रॉड नव्याने जुळवावा लागतो. एकदा असा सेटअप झाला की ती गिटार त्याच सुराची होऊन राहते. आज वरचा सूर आणि उद्या खालचा, असं ती चालवून घेत नाही. किती गिटारी हव्यात, हा प्रश्न खरा इथे सुरू होतो: आपल्याला असे वेगळे सेटअप किती लागतात?

पहिली, दुसरी, तिसरी

बहुतेकांना एकच लागतो. डीमध्ये लावलेली एक अकूस्टिक आणि एक चांगला कॅपो यांवर गाण्यांची साथ निभावते. ईगल्सच्या ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ची सुरुवातीची गिटार आठवा. तिथे बारा तारांवर कॅपो चक्क सातव्या फ्रेटवर आहे. नवी गिटार घेण्याआधी कॅपो सरकवून पाहावा, याला यापेक्षा चांगला दाखला शोधायला नको.

दुसरी गिटार लागते ती खर्जाच्या ओढीमुळे. लेड बेली हा अमेरिकन लोकगायक ऑस्कर श्मिट कंपनीची ‘स्टेला’ बारा तारांची गिटार नेहमीच्या सुरापेक्षा चार-पाच सेमीटोन खाली लावून वाजवायचा. जाड तारांमुळे तिचा खालचा आवाज पियानोच्या डाव्या हातासारखा भरीव यायचा. लिओ कॉटकीने १९६९ च्या ‘सिक्स अँड ट्वेल्व्ह स्ट्रिंग गिटार’ या अल्बममध्ये बोटांनी वाजवण्याची शैली वेगळ्याच वेगाला नेली. त्याचाही ओढा खालच्या सुराकडेच. पुढे टेलर कंपनीने त्याच्या नावाचं मॉडेल काढलं, ते सी शार्पचा विचार करून. ज्याला हे संगीत मनापासून वाजवायचं आहे, त्याची दुसरी गिटार चैनीत मोडत नाही.

तिसरी इलेक्ट्रिक. जॉर्ज हॅरिसनला फेब्रुवारी १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रिकनबॅकर कंपनीची बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार मिळाली आणि त्याच वर्षी ‘अ हार्ड डेज नाइट’मध्ये ती जगभर ऐकली गेली. तो चित्रपट पाहून रॉजर मॅकग्विनने तशीच गिटार घेतली आणि १९६५ मध्ये द बर्ड्सच्या ‘मिस्टर टँबरिन मॅन’ने त्या आवाजाची एक शैलीच रूढ केली. यात तारांच्या क्रमाचाही वाटा आहे. साधारणपणे खाली जाणाऱ्या फटक्यात जोडीतली बारीक तार आधी लागते. रिकनबॅकरमध्ये जाड तार आधी लागते. त्यात मॅकग्विनने भरपूर कंप्रेशन वापरून सूर लांबवले. अकूस्टिकला पिकअप बसवून हा आवाज येत नाही. मात्र तो हवा असेल तरच ही तिसरी गिटार.

आकडा कमी ठेवण्याच्या युक्त्या

गंमत अशी, की ज्यांना हवी तितकी वाद्यं परवडली असती, त्यांनीही आकडा आवरण्याच्या वाटा शोधल्या. जिमी पेजने ‘स्टेअरवे टू हेवन’ रंगमंचावर वाजवण्यासाठी गिब्सनची दोन मानांची गिटार गळ्यात घातली: वर बारा तारा, खाली सहा. गाण्याच्या मध्यात गिटार बदलावी लागू नये, म्हणून खांद्याला शिक्षा. खुद्द मॅकग्विनसाठी मार्टिन कंपनीने सात तारांची गिटार बनवली. त्यात फक्त जी तारेला सप्तकाची जोड दिलेली आहे. बारा तारांचा बराचसा झगमगाट त्या एकाच जादा तारेत असतो, हे त्याने हेरलं होतं.

सर्वांत स्वस्त युक्ती स्टुडिओतली, ‘नॅशव्हिल ट्यूनिंग’ नावाची. साध्या गिटारीच्या जाड चार तारा काढून तिथे बारा तारांच्या संचातल्या सप्तकाच्या बारीक तारा लावायच्या. तिच्यासोबत दुसरी साधी गिटार वाजली, की ऐकणाऱ्याला बारा तारांचा भास होतो. वर्षातून दोन गाण्यांपुरता तो आवाज हवा असेल, तर बारा तारांच्या गिटारींची योग्य संख्या शून्य आहे.

आता निगेचा भाग. गिटारीभोवतीच्या हवेत आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी, असं बनवणारे सांगतात. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात ती त्याच्या कितीतरी वर जाते आणि लाकूड फुगतं. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात तेच लाकूड आक्रसून तडकू शकतं. साध्या गिटारीला हे त्रासदायक, तर दीडपट ताण झेलणारीला धोक्याचं. प्रत्येक जादा गिटारीमागे बारा तारा बदलणं, पेटीत सिलिका जेल किंवा ह्युमिडिफायर ठेवणं आणि अधूनमधून मान तपासणं आलंच. डेव्हिड गिलमोरने २०१९ मध्ये शंभराहून अधिक गिटारी लिलावात काढल्या, त्यांत त्याची मार्टिनची बारा तारांचीही होती. पण अशा वादकांच्या दिमतीला निगा राखणारे तंत्रज्ञ असतात. आपल्या घरी तो तंत्रज्ञ आपणच, तेही रविवारी वेळ मिळाला तर.

तेव्हा हिशेब असा. अधूनमधून वाजवणाऱ्याला एकही नको. नियमित वाजवणाऱ्याला एक. खर्जातलं वाजवायचं असेल तर दुसरी, आणि साठच्या दशकातला इलेक्ट्रिक आवाज हवा असेल तर तिसरी. दुसरी आणि तिसरी यांचा क्रम ज्याने त्याने ठरवावा. मोजताना फक्त ताज्या तारांच्या, लगेच सुरात येणाऱ्या गिटारीच धराव्यात. पलंगाखालची, चार तारा तुटलेली मोजायची नाही. चौथी घ्यायला कुणाची बंदी नाही. फक्त ती ‘लागते म्हणून घेतली’ असं घरी सांगू नये. ‘आवडली म्हणून घेतली’ हे कारण पुरेसं असतं, आणि ते खरंही असतं.