तिसऱ्या नावाची बातमी

2024 च्या उन्हाळ्यात छिंदवाडा लोकसभेची लढत देशभर गाजली ती कमलनाथांच्या गडामुळे. 2019 मध्ये मध्य प्रदेशातल्या 29 पैकी ही एकच जागा काँग्रेसच्या हाती राहिली होती. कमलनाथांचे चिरंजीव नकुलनाथ इथून 37,536 मतांनी निवडून आले होते. आता गड राहतो की पडतो, एवढाच सवाल. फेब्रुवारीत तर कमलनाथ स्वतःच भाजपात जाणार का, याच्यावर वाहिन्यांनी दिवसच्या दिवस घालवले. पुढे उमेदवार ठरले: नकुलनाथ आणि भाजपचे विवेक बंटी साहू. तिसरं नाव होतं देवरावेन भलावी, गोंडवाना गणतंत्र पार्टी. बातमीत ते आलंच, तर शेवटच्या ओळीत.

याच मतदारसंघातल्या पांढुर्णा आणि सौंसरच्या वाचकाची त्यात आणखी एक अडचण होती. इथली बोली मराठी, संत्रा-कापसाचा व्यवहार नागपूरकडे, आणि मराठी पेपर येतो तोही नागपूरचाच. पण 19 एप्रिलला छिंदवाड्याबरोबर नागपूर आणि रामटेकलाही मतदान होतं, त्यामुळे तिथल्या पानांवर गडकरी आणि रामटेकच्या उमेदवारीचा घोळ. भोपाळच्या हिंदी पेपरात नाथ घराणं. ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला खरा, पण सीमेवरच्या या दोन तालुक्यांत खालच्या अंगाला काय चाललंय, हे सांगणारं कोणी नव्हतं.

ज्या नागपुरातून हे पेपर निघतात, ते शहर वसवलं देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने. तो देवगड छिंदवाडा जिल्ह्यातच आहे. हे मला फार लागतं. त्या शहराच्या मूळपुरुषाच्या मुलखात त्याचेच वंशज स्वतःचा पक्ष घेऊन उभे राहतात, आणि आपल्याला त्याची खबर नसते.

खबर नव्हती म्हणून गडबड नव्हती असं नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी खांद्यावर पिवळा दुपट्टा टाकलेली गोंडवाना पक्षाची पोरं मोटारसायकलवरून यायची, एकेका गाडीवर तिघं. भाजीच्या पालांमधून फिरत, ओळखीच्या माणसापाशी थांबून ‘जय सेवा’ असा गोंडी नमस्कार करायचा, घरचं-शेतीचं विचारायचं, मग हळूच मताचं काढायचं. पेट्रोल ज्याचं त्याचं. आपसात गोंडी, दुकानदाराशी मराठी, पोलिसाशी हिंदी. हेलिकॉप्टर नाही, मंडप नाही. टीव्हीला दाखवायला तसं काहीच नाही. सभेला किती लोक आले हे कॅमेऱ्याला मोजता येतं, पाड्यावर रात्री किती घरी बसणं झालं हे मोजता येत नाही.

या उत्साहाला मागचा इतिहास आहे. हिरासिंह मरकाम यांनी 1991 मध्ये हा पक्ष काढला. 2003 मध्ये मध्य प्रदेश विधानसभेत त्याचे तीन आमदार गेले, त्यातले मनमोहन शाह बट्टी याच जिल्ह्यातल्या अमरवाड्याचे. त्यानंतर फाटाफूट झाली, बट्टींनी वेगळी चूल मांडली, आणि पक्ष संपला अशी समजूत पक्की झाली. 2020 मध्ये मरकामही गेले, बट्टीही गेले. 2023 च्या विधानसभेला बट्टींची मुलगी मोनिका भाजपच्या तिकिटावर उभी होती.

2024 च्या प्रचारात आदिवासी नेते बातम्यांत दिसलेच नाहीत असं मात्र म्हणता येणार नाही. अमरवाड्याचे काँग्रेस आमदार कमलेश शाह मार्चअखेर भाजपात गेले, ती ठळक बातमी. छिंदवाड्याचे तरुण महापौर विक्रम अहाके, सामान्य आदिवासी घरातून वर आलेले, 1 एप्रिलला भाजपात गेले; मतदानाच्या दिवशीच त्यांनी नकुलनाथांना मत द्या असं आवाहन केलं, तीही बातमी. म्हणजे या दारातून त्या दारात जाताना गोंड माणूस दिसतो. तो स्वतःच्या दारात उभा असला की दिसत नाही. माझी खरी तक्रार हीच आहे.

4 जूनला निकाल लागला. साहू 1,13,618 मतांनी जिंकले आणि 29 च्या 29 जागा भाजपकडे गेल्या. भलावींना 55,988 मतं पडली. अनामत वाचायला एकूण वैध मतांचा सहावा हिस्सा लागतो, त्याच्या जवळपासही ती नव्हती. पिवळे दुपट्टे पाहून ज्यांनी जास्त अंदाज बांधला होता ते चुकले, हे मान्य केलंच पाहिजे. बाजारातला जोर आणि पेटीतलं मत यांच्यात बूथवर बसणारा माणूस, यादी, गाडी असं बरंच काही येतं, आणि त्याला पैसा लागतो. पण छपन्न हजारांच्या घरातले हे लोक कोण, कोणत्या गावचे, त्यांना काय हवं होतं, हे विचारायला निकालानंतर तरी कोणी जायला हवं होतं. त्याऐवजी त्यांची गणती झाली ती ‘मतविभाजन’ या एका शब्दात. त्यांनी नकुलनाथांची मतं खाल्ली म्हणे. ती मतं मुळात नकुलनाथांची होती, हे कोणी ठरवलं?

कमलेश शाहांच्या राजीनाम्यामुळे जुलैत अमरवाड्यात पोटनिवडणूक झाली. भलावी पुन्हा उभे राहिले. शाह भाजपकडून 3,027 मतांनी निवडून आले, काँग्रेसचे धीरनशाह इनवाती थोडक्यात पडले. भलावींना या एका विधानसभेत 28,723 मतं मिळाली. लोकसभेला सात विधानसभा मिळून जेवढी होती, त्याच्या निम्म्याहून जास्त. अमरवाड्यासारखी पांढुर्ण्याची विधानसभेची जागाही आदिवासींसाठी राखीव आहे. 2023 मध्ये तिथे काँग्रेसचा उमेदवार उईके आणि भाजपचाही उईकेच होता; म्हणजे तिथेही गोंड माणूस दिसला तो दुसऱ्याच्याच दारात.