गळ्यातील गाठ आणि सुईचे भय

थायरॉइडच्या गाठीला सुई लावली की ती चवताळते, कर्करोग असल्यास अंगभर पसरतो आणि नसल्यास नव्याने उद्भवतो, हा समज सुशिक्षित कुटुंबांतूनही इतक्या निःशंकपणे बोलला जातो, आणि त्याच्यापायी तपासणी महिनोन्महिने तहकूब ठेवणारी माणसे इतकी आढळतात, की त्याचा एकदा सविस्तर समाचार घेणे भाग आहे.

एफएनएसी नावाच्या या तपासणीत रुग्णाच्या खांद्यांखाली उशी देऊन मान मागे कलती ठेवतात, आवंढा गिळू नका, बोलू नका, अशी ताकीद देतात, आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर गाठ डोळ्यांसमोर ठेवून, सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीची सुई तिच्यात काही सेकंद मागेपुढे करून थोड्याशा पेशी घेतात. दोनचार वेळा हे झाले की त्या पेशी काचपट्टीवर पसरल्या जातात, टोचल्या जागी कापसाचा बोळा दाबून धरला जातो, आणि माणूस त्याच दिवशी घरी परततो. सुईच्या वाटेवर कर्करोगाच्या पेशी रुजल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात आहेत, हे लपवण्याचे कारण नाही. परंतु ती अत्यंत विरळा असून बहुधा त्या वाटेपुरतीच मर्यादित राहतात. वृषणाच्या गाठीला मात्र सुई लावणे शल्यवैद्य कटाक्षाने टाळतात, पण तो नियम त्या अवयवापुरता आहे. तो गळ्याला लावण्यास कोणताही आधार नाही.

एवढे सांगूनही ‘आमच्या मावशीचे सुईनंतरच वाढले’ हे उत्तर ठरलेलेच असते. गाठ वाढत होती म्हणूनच मावशीला सुईपर्यंत यावे लागले, हा साधा कार्यकारणभाव कोणी ध्यानात घेत नाही, याची खरोखर चीड येते. त्याहून विपरीत म्हणजे, सुईला भिणारी हीच मंडळी ‘सुई नको, सरळ ऑपरेशनच करून टाका’ असा आग्रह धरतात. आणि अनावश्यक ऑपरेशन टाळणे, हाच तर या सुईचा मुख्य उपयोग! अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेनुसार, सरसकट सोनोग्राफी केल्यास १९ ते ६८ टक्के माणसांच्या थायरॉइडमध्ये गाठी सापडतात, आणि गाठींपैकी कर्करोगाच्या निघतात त्या ७ ते १५ टक्के. सगळ्यांचे गळे उघडायचे काय? दक्षिण कोरियात सोनोग्राफीचा सपाटा सुरू झाल्यावर २०११ साली थायरॉइड कर्करोगाच्या निदानांचे प्रमाण १९९३ च्या सुमारे पंधरापट झाले, मृत्यूंचे प्रमाण मात्र होते तिथेच राहिले. म्हणूनच प्रत्येक गाठीला सुईसुद्धा लावत नाहीत. सोनोग्राफीत गाठीचे रूप कसे आहे आणि आकार किती, हे पाहूनच शिफारस होते.

गाठीविषयीचे इतर समजही असेच फोल आहेत. थायरॉइडच्या रक्ततपासणीतला टीएसएच नॉर्मल आल्याने गाठ निर्धोक ठरत नाही. कर्करोग असलेल्यांचाही टीएसएच बहुधा नॉर्मलच असतो. दुखत नाही म्हणून गाठ साधी, हेही खोटे. आयोडीनच्या गोळ्यांनी गाठ विरघळत नाही. ऑपरेशनने आवाज हमखास जातो, हेही खरे नाही. स्वरयंत्राच्या नसेला कायमची इजा होण्याचा धोका आहे, पण अनुभवी हातांत तो थोडा असतो, आणि शल्यवैद्याला त्याविषयी, तसेच कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथींविषयी, निःसंकोच विचारावे.

सर्वांत अधिक मनस्ताप होतो तो सुईचा निकाल अधांतरी आल्यावर. बेथेस्डा नावाच्या पद्धतीत अहवालाचे सहा वर्ग असतात. दुसरा म्हणजे निरुपद्रवी, सहावा म्हणजे कर्करोग, आणि तिसऱ्या-चौथ्यात निश्चित फैसला होत नाही. हा पॅथॉलॉजिस्टचा हलगर्जीपणा नव्हे. फॉलिक्युलर जातीची गाठ कर्करोगाची आहे की नाही, हे तिच्या पेशी आवरण किंवा रक्तवाहिन्या भेदून बाहेर गेल्या आहेत काय यावर ठरते, आणि सुटी पेशी ते सांगू शकत नाही. त्यासाठी संपूर्ण गाठ तिच्या आवरणासह सूक्ष्मदर्शकाखाली यावी लागते. अशा वेळी पुन्हा सुई, जनुकीय चाचणी, नुसती देखरेख, किंवा थायरॉइडची अर्धी बाजू काढणे, हे मार्ग रुग्णापुढे ठेवले जातात. अर्धी बाजू काढल्यावर अहवाल निरुपद्रवी आला की नातेवाईक ‘उगाच कापले’ म्हणून डॉक्टरला दूषण देतात. परंतु ते ऑपरेशन उपचाराइतकेच निदानासाठीही होते, आणि त्याखेरीज हा अहवाल मिळालाच नसता.