भाग १४ : घाटात ब्रेक गेला तर?

आजचा विषय कोड किंवा गॅजेटचा नाही. आज बोलूया गाडीच्या ब्रेकबद्दल, कारण गेल्या पावसाळ्यानंतर आंबेनळी घाटात माझा ब्रेक गेला होता.

महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरत होतो. बाबा शेजारी, आई मागे. गाडी तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये आणि माझा पाय सतत ब्रेकवर. एका वळणाआधी पेडल दाबलं आणि ते स्पंजसारखं थेट खाली गेलं. मी म्हटलं, "बाबा, ब्रेक लागत नाहीये." बाबा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "इंजिन बंद करू नकोस. गिअर खाली घे."

त्या एका वाक्याने आम्ही वाचलो. आता ते का बरोबर होतं ते बघू.

आधी ब्रेक का गेला? १२०० किलोची गाडी १००० मीटर खाली उतरते तेव्हा साधारण सव्वातीन युनिट विजेएवढी ऊर्जा कुठेतरी जायला हवी. पाय सतत ब्रेकवर असेल तर त्यातली बरीचशी उष्णता होऊन डिस्क आणि पॅडमध्ये जाते. तिथून ती ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. नवं डॉट ३ ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की ही मर्यादा १४० पर्यंत घसरते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळलं की पाइपमध्ये वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणजे तुमच्या पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही.

मग करायचं काय? क्रमाने सांगतो.

एक, इंजिन चालू ठेवा. बंद केलंत तर पॉवर स्टीअरिंग जड होतं आणि किल्ली काढली तर स्टीअरिंग लॉकही होऊ शकतं. न्यूट्रल तर अजिबात नको.

दोन, एकेक गिअर खाली या. चौथ्यावरून तिसरा, मग दुसरा. थेट पहिला टाकू नका, चाकं घसरतील. ऑटोमॅटिक असेल तर एल किंवा मॅन्युअल मोड.

तीन, पेडल भराभर पंप करा. कधीकधी थोडा दाब परत तयार होतो. गाडीत ब्रेकच्या दोन वेगळ्या लाइन असतात, त्यामुळे गळती असेल तरी बहुतेक वेळा एक लाइन शिल्लक राहते. पेडलखाली बाटली किंवा मॅट अडकली नाही ना, हेही पायाने चाचपा.

चार, हँडब्रेक हळूहळू ओढा, बटण दाबूनच ठेवा. एकदम ओढला तर मागची चाकं लॉक होतात आणि गाडी फिरते. बटणाचा इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर बहुतेक गाड्यांत तो धरून ठेवावा लागतो.

पाच, हॉर्न आणि चारही इंडिकेटर चालू. आणि काहीच जमलं नाही तर गाडी डोंगराच्या बाजूला घासा, दरीच्या बाजूला कधीच नाही. पत्रा दुरुस्त होतो.

आमची गाडी दुसऱ्या गिअरला मंदावली, मग हँडब्रेकने रस्त्याच्या कडेला थांबली. चाकांतून जळका वास येत होता. आई खाली उतरून दगडावर बसली आणि दहा मिनिटं कोणाशीच बोलली नाही. अर्ध्या तासाने पेडल पुन्हा कडक लागलं. मला वाटलं, चला निघू. बाबा म्हणाले, "अजिबात नाही." मग टो गाडी बोलावली.

खरी चूक कोणाची? माझी. ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. मी "नंतर बघू" म्हणत चार वर्षं काढली होती. ऑफिसात मी दुसऱ्यांना पेंडिंग मेन्टेनन्सवर लेक्चर देतो!

तर मंडळी, पुढच्या वेळी घाट उतरताना एक जुना नियम लक्षात ठेवा: ज्या गिअरमध्ये चढाल, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. आणि आज घरी गेल्यावर सर्व्हिसचं बुक उघडून ब्रेक ऑइलची तारीख बघा.

भेटू पुढच्या भागात. सांभाळून चालवा!